एल्डरकोटचे बारजील

हाजी नासिरला इंग्लंडातलं घर शारजाच्या वाळूत हवं होतं, आणि ते बांधायचं काम अलीमियाँ परकारच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं असं आपलं म्हणायचं. खरं तर अलीमियाँने ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं होतं. बाणकोटच्या खाडीवर जांभ्या दगडाची घरं बांधता बांधता तो मिस्त्री झाला आणि शारजाला आल्यापासून दुसऱ्यांच्या हुकमाखाली गोदामांच्या भिंती उभ्या करत बसला. गोदामाच्या भिंतीकडे बघून कुणी 'वा' म्हणत नाही. लोकांनी थांबून बघावं असं एक तरी घर आपल्या हातून व्हावं, एवढी त्याची हौस होती.

ही गोष्ट १९६४ सालची. तेव्हा तिथे अमिरात झाली नव्हती, दिरहॅमही नव्हता. शेखांची छोटी छोटी राज्यं होती, वर इंग्रजांची देखरेख होती, आणि बाजारात आपलाच रुपया चालायचा. हाजी नासिर हा जुना मोत्यांचा व्यापारी. तो धंदा बसल्यावर तांदूळ आणि कापडावर आला. तरुणपणी मुंबईत मोती विकत हिंडलेला, त्यामुळे हिंदी फाडफाड बोलायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. जन्मभर मोती विकले म्हणून शेवटी डोळ्यांत उतरले, असं तो स्वतःच हसून सांगे. एका डोळ्याचं प्रकरण अवघड होतं, मुंबईच्या डॉक्टरने हात टेकले, तेव्हा तो लंडनला गेला. ऑपरेशन झालं आणि नंतरच्या विश्रांतीसाठी त्याला लंडनबाहेरच्या एका जुन्या हवेलीत ठेवलं. हवेलीचं नाव एल्डरकोट. ती सांभाळता सांभाळता तिचे मालक कंगाल झाले होते, म्हणून आता तिथे आजाऱ्यांच्या खाटा लागल्या होत्या. हाजीच्या डोळ्यांवरची पट्टी तिथेच सुटली. परत आला तो चांगली नजर आणि एक हट्ट घेऊन.

"अलीमियाँ, मेरे को वैसाच घर मँगता है," तो म्हणाला. "छोटा चलेगा. मगर वैसाच."

त्याने टेबलावर हवेलीचे फोटो टाकले आणि एक छापील पुस्तिका ठेवली. तिच्यात घराचा इतिहास होता आणि शेवटी नकाशा. मग एका फोटोवर बोट ठेवलं. मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतीत, जमिनीलगत, कोरीव दगडी चौकटीचं एक चौकोनी तोंड होतं.

"ये दीवार का मुँह देखा? हर कमरे में है. ये बराबर बनाना. बाकी कुछ कम-ज्यादा हो गया तो मैं देख लेगा. इसमें गडबड नहीं मँगता."

"नहीं होगी, हाजीसाब. इन्शाल्ला."

"और घर हो गया तो पीछे के दो कमरे तेरे. बीवी-बच्ची को बुला ले."

बायकोला, रुकय्याला, अलीमियाँने गावच्या धक्क्यावर सोडलं तेव्हा त्यांची शहरबानू रांगत होती. आता ती मदरशात जायला लागली होती, आणि बापाचा चेहरा तिला फक्त कपाटावरच्या फोटोतला माहीत होता. इथे अलीमियाँ आठ-दहा माणसांच्या खोलीत निजायचा. तिथे बायकोला कुठे आणणार? तेवढ्यासाठीच सगळं अडलं होतं. त्या दिवशी तो घरी, म्हणजे त्या खोलीवर, उडत गेला.

पुस्तिका इंग्रजीत होती. ती वाचायला अन्वर होता. अन्वर दापोलीचा, मॅट्रिक झालेला, हाजीच्या दुकानात कारकून. शुक्रवारी दुपारी शारजाच्या रोल्ला मैदानातल्या भल्यामोठ्या वडाखाली दोघे बसले आणि अन्वरने घराचा इतिहास सांगायला सुरुवात केली.

"चाचा, पहिला मालक लोकरीचा व्यापारी. साडेचारशे वर्षांपूर्वीचा. त्याने लाकडाचा सांगाडा उभा करून मधे विटा भरल्या आणि एकच मोठा हॉल बांधला. मालक, नोकर, कुत्रे, सगळे तिथेच जेवायचे."

"कुत्रेसुद्धा?"

"असं लिहिलंय. मग त्याच्या नातवाने वरच्या मजल्यावर गॅलरी काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लांब. पाऊस असला की बायकामाणसांनी तिथे फिरायचं."

"चालायला खोली?" अलीमियाँला हसू आवरेना. "आमच्याकडे पाऊस लागला की माणूस बसतो रे. चालतो कशाला?"

पण पुढचं ऐकताना त्याचं हसू थांबलं. त्या नातवाच्याच काळात तिथल्या राणीने जुन्या पंथाच्या पाद्र्यांवर बंदी आणली होती. एल्डरकोटवाले जुन्याच पंथाचे. त्यांनी जिन्यामागच्या भिंतीत माणूस उभा राहील एवढी चोरखोली केली होती. शिपाई झडतीला आले की पाद्री तिच्यात शिरायचा आणि शिपाई जाईपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा.

"बिचारा," अलीमियाँ म्हणाला. "त्याला पाणी कोण देत असेल?"

"ते लिहिलेलं नाही."

मग साखरेच्या मळ्यांवर गब्बर झालेला एक मालक आला. त्याला लाकूड-विटा गावंढळ वाटल्या. त्याने घराच्या पुढच्या अंगाला नवा दगडी चेहरा चढवला, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. एखाद्या ठिकाणी मागे खोलीच नसली तर तिथे खोटी खिडकी, नुसती चौकट, आत दगड. आणि त्या काळात सरकारने खिडक्यांवर कर बसवला होता, म्हणून खऱ्या खिडक्यांतल्याही काही बुजवून टाकल्या.

"उजेडावर कर?" अलीमियाँने वडाकडे बघत मान हलवली. "हे मोठ्याने वाचू नकोस. इथे कुणाच्या कानावर गेलं तर पंचाईत."

शेवट मात्र वाईट होता. एका लढाईत घरातले मुलगे गेले, मालक मेला की वारसाने भरायचा कर वाढत गेला, छप्पर गळायला लागलं. अशा हवेल्या तिकडे एकामागून एक पाडल्या जात होत्या, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. एल्डरकोटचाही अर्धा भाग पाडला होता. उरलेल्या अर्ध्यात दवाखाना. अलीमियाँ बराच वेळ फोटो बघत राहिला. त्याच्या नात्यातले लोक नव्हते ते, त्यांच्या कुत्र्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण कुणीतरी मिस्त्रीनेच ते घर उभं केलं होतं आणि कुणीतरी मिस्त्रीनेच पाडलं असणार. त्याला मनापासून वाईट वाटलं.

एवढा सगळा इतिहास त्या पुस्तिकेत होता, पण छपरावर काय होतं याबद्दल एक अक्षर नव्हतं. इंग्रज वाचकाला ते सांगायची गरजच काय? आपल्याकडच्या पुस्तकात कुणी तुळशीवृंदावन कशाला असतं ते सांगत बसतं का? फोटोत मात्र ते स्पष्ट दिसत होतं. छपरावर उंच चौकोनी मनोरे, कुठे दोन-दोन, कुठे तीन-तीन, आणि प्रत्येकाच्या अंगाला उभ्या काळ्या खाचा.

इराणच्या लिंगेहून आलेल्या गवंड्यांनी फोटो बघितला आणि एकमुखाने म्हणाले, "बारजील."

शारजात आणि दुबईत ज्याच्याकडे चार पैसे असत त्याच्या घरावर बारजील असायचं. उंच चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उभ्या उघड्या खाचा. कुठूनही वारा आला की आत पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा. हे लिंगेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच बांधत आले होते. वर मनोरा, खाली खोलीत तोंड. एका फोटोत तर त्या तोंडात फुलदाणी ठेवलेली होती. सगळं कसं जिथल्या तिथे बसलं.

अलीमियाँला एवढंच नवल वाटलं की इंग्रजाला ही अक्कल सुचली कशी. 'इराकात बसऱ्याला आणि इराणात बुशहरला इतकी वर्षं काढली, तिथून उचलली असेल,' असं त्याने स्वतःचं समाधान केलं. दुसरी काही शंका त्याला शिवली नाही, आणि का शिवावी? बाणकोटात चूल स्वयंपाकघरात असते आणि धूर कौलांच्या फटींतून जातो. निजायच्या खोलीत विस्तव पेटवणारा माणूस त्याने आयुष्यात बघितला नव्हता.

घर उभं राहिलं. समुद्रातला प्रवाळी दगड, सिमेंटचे ब्लॉक, वर चुन्यासारखा पांढरा गिलावा. पुढून खिडक्या डावी-उजवीकडे मोजून सारख्या, त्यांत खोट्यासुद्धा. वर आखूडशी गॅलरी. आणि छपरावर एल्डरकोटचे मनोरे, चारी बाजूंनी उघडे, खाली प्रत्येक खोलीत कोरीव चौकटीचं तोंड. नकाशात मागच्या, नोकरांच्या खोल्यांना तोंड नव्हतं. अलीमियाँने तिथे एक लहानसं तोंड आणि त्याच्यावर, पुढून दिसणार नाही असा, एक ठेंगणा मनोरा गुपचूप काढून घेतला. रुकय्याला उकाडा सोसत नसे.

पुरं झाल्याशिवाय घर बघायचं नाही असं हाजीने ठरवलं होतं; काम संपत आलं तसा तो माल घ्यायला मुंबईला गेला. बरोबर त्याची थोरली बहीण मोझा होती, तिला मुंबईत दागिने घडवायचे होते. जाताना तो म्हणाला, "तेरी बीवी-बच्ची को हमारे साथ लाएगा. औरत साथ में है, फिकर मत कर."

बोट यायला आठवडा राहिला असताना मॉर्टन साहेब घर बघायला आला. रस्त्यांच्या कामावरचा इंजिनिअर, पूर्वी कराचीला होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. वाळूत विलायती हवेली उभी राहिल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तो जीपमधून उतरला, पुढचा दगडी चेहरा बघून खूश झाला, खोट्या खिडक्या बघून तर टाळ्याच वाजवल्या. मग त्याची नजर छपरावर गेली.

"मिस्त्री, वो क्या है?"

"बारजील, साब. एल्डरकोट का."

मॉर्टनने फोटो मागितला. फोटो बघितला, छपराकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि सिमेंटच्या गोणीवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"मिस्त्री, ये धुएँ का है. धुआँ ऊपर जाता है. नीचे आग जलता है."

"आग?" अलीमियाँ म्हणाला. "किधर?"

"वो मुँह में. हर कमरे में."

"सोने के कमरे में?"

"सोने के कमरे में भी."

"क्यों, साब?"

"ठंड, मिस्त्री!" मॉर्टन म्हणाला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब गोणीवर पडला. "बहुत ठंड!"

"और ये काला-काला?"

"वो खाली डिझाइन है. गड्ढा. खुला नहीं."

मॉर्टन माणूस वाईट नव्हता. मिस्त्रीचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. हाजी तिथे राहून आलाय, त्याला ठाऊक असणार, तू आपली थट्टा केलीस असं त्याला वाटायच्या आत दुरुस्त करून टाक, असं त्याने सांगितलं. सिमेंटच्या गोणीच्या कागदावर पेन्सिलीने आकृती काढून दिली: खाली तोंड, त्यावर अरुंद गळा, मनोरा चारी बाजूंनी बंद, माथ्यावर फक्त एक भोक. आणि जाताना अलीमियाँच्या खांद्यावर थोपटून गेला.

त्या संध्याकाळी अन्वर आला. अलीमियाँ दिवाणखान्यात त्या तोंडासमोर उकिडवा बसला होता, आणि वरून छान वारा येत होता. आता तो वारासुद्धा त्याला आपल्यावर हसतोय असं वाटायला लागलं होतं.

"चाचा, एवढं काय? चूक कुणाची होत नाही?"

"अरे, हाजी काय म्हणाला होता? बाकी सगळं कमी-जास्त चालेल, यात गडबड नको. आणि मी गडबड केली ती नेमकी यातच. बरोब्बर यातच!"

"ओरडतील थोडं. माफ करतील."

"ओरडत नाही रे तो, तेच तर वाईट. गेल्या वर्षी गोदामाची भिंत वाकडी बांधणाऱ्या त्या मिस्त्रीला काय म्हणाला? काही नाही. हसून चहा पाजला आणि परतीचं तिकीट हातात दिलं. खलास." अलीमियाँने चौकटीवरची वाळू हाताने झाडली. "रुकय्या बोटीवरून उतरेल, ट्रंक खाली ठेवेल, आणि मी तिला सांगू, की उचल, याच बोटीने मागे फिरायचंय? पोरगी मला अजून ओळखतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर अलीमियाँने मनोरे बुजवायला माणसं चढवली.

लिंगेच्या गवंड्यांनी कपाळाला हात लावला. चांगलं चालणारं बारजील कुणी बुजवतं? एकाने तर घमेलंच खाली ठेवलं. अलीमियाँने त्यांना समजावलं, गयावया केली, शेवटी स्वतः वर चढून ब्लॉक लावायला बसला. आठवडाभर ते काम चाललं. उभ्या खाचा बंद झाल्या, गळे अरुंद झाले, माथ्यावर टोप्या बसल्या. घर आता हुबेहूब फोटोसारखं दिसत होतं, आणि आत पाय टाकला की भट्टीत शिरल्यासारखं होत होतं. 'असेल,' अलीमियाँ मनाशी म्हणाला, 'इंग्रजाचं घर असंच असेल. बरोबर आहे म्हणजे झालं.' मागच्या खोलीतलं आपलं लहान तोंड मात्र, वरच्या ठेंगण्या मनोऱ्यासकट, त्याने तसंच ठेवलं. नकाशात ते नव्हतंच, तेव्हा ते बरोबर की चूक हे कोण विचारणार होतं?

बोट दुबईला लागली. मोठी बोट आत येत नसे; बाहेर समुद्रात उभी राही आणि लाँचमधून माणसं खाडीत येत. अलीमियाँ सकाळपासून धक्क्यावर उभा होता. पहिल्या लाँचमधून हाजी उतरला, मागून मोझा, आणि तिच्या मागे काळ्या बुरख्यातली एक बाई, एका हातात पितळी डबा आणि दुसऱ्या हाताला धरलेली एक मुलगी. रुकय्याने तोंडावरचा पडदा थोडा बाजूला केला. ती बारीक झाली होती. अलीमियाँने पुढे होऊन तिच्या हातातला डबा घेतला.

"सलाम कर," रुकय्या मुलीला म्हणाली. "तुझे बाबा."

शहरबानूने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "फोटोत मिशी होती," ती म्हणाली आणि आईच्या मागे लपली.

अलीमियाँ हसला. हाजीच्या लँडरोव्हरमधून सगळे शारजाला निघाले. वाटेत वाळूत चाक रुतलं, उतरून ढकलावं लागलं, आणि अलीमियाँला मनातून वाटलं, रुतूनच राहिलं तर बरं.

घर दिसताच हाजीने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून कितीतरी वेळ बघत राहिला. "वल्ला," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. अलीमियाँच्या मनात आशा डोकावली. मोझाने बायकांना मागच्या दाराने आत नेलं, मागच्या खोल्यांत, आणि हाजी पुढच्या दाराने शिरला. मागोमाग अलीमियाँ आणि अन्वर.

हाजीने काही बघितलं नाही. ना गॅलरी, ना जिना. सरळ दिवाणखान्यात गेला, एक खुर्ची उचलली, त्या तोंडाशेजारी आणून ठेवली आणि बसला. डोळे मिटले. मग एक हात लांब करून तोंडासमोर धरला.

बराच वेळ तो तसाच बसून राहिला. त्याच्या कपाळावर घाम जमायला लागला. डोळे उघडून त्याने त्या चौकटीकडे बघितलं, वाकून आत बघितलं.

"अलीमियाँ," तो हळूच म्हणाला, "ये मरा हुआ क्यों है?"

अलीमियाँला प्रश्नच कळला नाही. "जी?"

"सब वैसाच है. दिखता वैसाच है." हाजी उठला, दुसऱ्या खोलीत गेला, तिथल्या तोंडासमोर हात धरला, तिसऱ्या खोलीत गेला. परत आला तो चेहरा पार उतरून. ओरडला नाही. आणि तो ओरडला नाही हे बघून अलीमियाँला तो गोदामाचा मिस्त्री आठवला. "चाय पिएगा?" हाजी म्हणाला.

तेवढ्यात घराच्या मागच्या अंगाने मोझाची हाक आली. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. अरबीत होती, पण अलीमियाँला कळली.

"नासिर! अरे नासिर, तू सांगत होतास तो वारा इथे आहे! या मुलीच्या खोलीत!"

हाजी ताडताड मागे गेला. दाराशी घसा खाकरून थांबला. रुकय्याने पडदा ओढून घेतल्यावर आत गेला आणि त्या लहान तोंडासमोर चक्क जमिनीवर मांडी घालून बसला. त्याच्या डोक्यावरच्या कपड्याचं टोक हलायला लागलं. पुन्हा डोळे मिटले.

"ये," तो म्हणाला. "यही है. इधर है तो उधर क्यों नहीं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अलीमियाँने सगळं सांगून टाकलं. आपण धुराड्याला बारजील समजलो, मॉर्टन साहेबाने सांगितल्यावर घाईघाईने सगळं बुजवलं, हे एक मागचं तेवढं राहिलं. "माफ करना, हाजीसाब. मेरे को मालूम नहीं था कि वो आग के वास्ते है."

"आग?" हाजीने डोळे उघडले. "कौन सी आग?"

"वो मुँह में, एल्डरकोट में. ठंड में लकडी जलाते हैं. धुआँ ऊपर से जाता है."

हाजी त्याच्याकडे बघतच राहिला. मग बहिणीकडे वळून त्याने अरबीत काही सांगितलं, आणि मोझा तोंडाला ओढणीचं टोक लावून हसायला लागली. हाजी मात्र हसला नाही.

"मेरे को भी मालूम नहीं था," तो म्हणाला. "मैं गर्मी में था उधर. आग कभी देखा नहीं." त्याने तोंडाच्या चौकटीवर हात ठेवला. "अलीमियाँ, दोनों आँख पे पट्टी थी. अंधेरा. किसी की बात समझ में नहीं आती थी. मैं बोला, नासिर, तू इधरीच मरेगा, परदेस में, अंधा. मेरी कुर्सी दीवार के पास थी. उधर से ठंडी हवा आयी. ऊपर से, धीरे-धीरे. मेरे बाप के घर में आती थी ना, वैसी. मैं बोला, इन लोग के पास भी बारजील है, तो डर काहे का? रोज उधरीच बैठता था. पट्टी खुली तो सबसे पहले वो मुँह देखा." त्याने मान हलवली. "मेरे को इंग्रेज का आग क्या करना है, हबीबी? इधर तो सूरज है. मेरे को वो हवा मँगता था."

अलीमियाँ मटकन खाली बसला. त्याला हसावं की रडावं कळेना, आणि मग दोन्ही एकदमच झालं. गळ्यातल्या रुमालाने तो डोळे पुसत होता आणि खांदे हसण्याने गदगदत होते. अन्वरने त्याला पाणी आणून दिलं.

"तिकीट...?" पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं.

"कौन सा तिकीट?" हाजी उठत म्हणाला. "यल्ला, आदमी ऊपर भेज. सब खोल."

लिंगेचे गवंडी हे ऐकून इतके खूश झाले की बोलवायच्या आधीच शिडीवर होते. छपरावर हातोड्यांचा दणदणाट सुरू झाला. ब्लॉक वाळूत धपाधप पडत होते आणि हाजी खाली खुर्ची धरून बसला होता. पहिली खाच मोकळी झाली तेव्हा आधी धूळ आली, हाजी शिंकला, आणि मग त्या तोंडातून वारा आला. पुढे थंडीच्या दिवसांत मॉर्टन साहेब तिथे चहाला येऊ लागला. सवयीने पाय त्या तोंडाकडे पसरून बसायचा आणि मग गारठून मागे घ्यायचा.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर अलीमियाँ मागच्या खोलीत आला. वर अजून एक हातोडा चालू होता. शहरबानू प्रवासाने दमून ट्रंकेला टेकून झोपली होती. रुकय्या कंबरेवर हात ठेवून त्या भिंतीतल्या तोंडाकडे बघत उभी होती. दुपारी एवढी अरबी-हिंदी झाली त्यातलं तिला काही समजलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "एक विचारू? निजायच्या खोलीत चूल कशाला काढलीत?"

अलीमियाँने तिच्याकडे बघितलं. लिंगेचे गवंडी, मॅट्रिक अन्वर, लंडन बघून आलेला हाजी, आणि तो स्वतः, अर्धी हयात घरं बांधलेला मिस्त्री. सगळ्यांनी महिनोन्‌महिने तो फोटो बघितला होता. हिने दारातून पाय आत टाकला आणि सांगितलं.

"तुला कसं कळलं चूल आहे ते?"

"त्यात काय कळायचं? खाली विस्तवाची जागा, वर धुराला वाट." तिने वाकून आत बघितलं. "पण लाकडं कुठायत? आणि हा वारा उलटा खाली कसा येतोय? विस्तव घातला तर सगळा धूर घरात येईल की. चुकलंय तुमचं काहीतरी."

"चुकलंय," अलीमियाँ म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो असा मोकळा हसत होता. "पार चुकलंय."

रुकय्याला त्याचं हसू कळलं नाही, पण ते बघून तिलाही हसू आलं. तिने बुरखा काढून खुंटीला लावला. वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस उडाले, तशी ती डोळे मिटून क्षणभर तिथेच थांबली. मग तिने वळकटी सोडली आणि त्या तोंडासमोर तिघांचं अंथरूण घातलं.